दुसरी-तिसरीच्या वर्गात माप शिकवताना

एक लिटर म्हणजे किती, असं तिसरीतल्या मुलाला विचारलं की उत्तर तयार असतं: हजार मिलिलिटर. मग हौदाशेजारच्या बादलीकडे बोट दाखवून विचारावं, हिच्यात किती लिटर पाणी मावेल? कुणी दोन म्हणतं, कुणी शंभर. आणि शंभर म्हणणाऱ्यालाही वहीतली लिटर-मिलिलिटरची रूपांतरं अचूक येत असतात. अकोले तालुक्यातल्या एका छोट्या जिल्हा परिषद शाळेत दुसरी-तिसरीचा एकत्र वर्ग माझ्याकडे आहे, आणि ही गोष्ट मला गेली काही वर्षं स्वस्थ बसू देत नाही. पुस्तकात लांबी, वस्तुमान, धारकता, वेळ हे सगळं ‘मापन’ या एकाच नावाखाली येतं. लांबीचं फारसं अडत नाही, पट्टी लावली की दिसतं. उरलेल्या तिघांसाठी मी वर्षभर काय काय करते, ते लिहिते आहे.

सुरुवात पावसाळ्यात, पाण्यापासून. आमच्याकडे पाऊस भरपूर. पन्हाळीखाली घमेलं ठेवलं तरी वर्गाला पुरेल एवढं पाणी मिळतं. दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी घ्यायचं, मुलांकडूनच ‘सारखं आहे’ असं कबूल करून घ्यायचं, आणि त्यातलं एक उंच, निमुळत्या बाटलीत ओतायचं. दुसरीतली निम्मी तरी मुलं म्हणतात, “बाई, बाटलीत जास्त हाये.” पाणी परत ग्लासात ओतलं की म्हणतात, “आता सारखं झालं.” जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हे फार पूर्वी नोंदवून ठेवलं आहे: साधारण सात वर्षांपर्यंतचं मूल पाण्याची उंची बघतं, भांड्याची रुंदी त्याच्या हिशेबात येत नाही. डी.एड.ला असताना हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. समोर बसलेल्या मुलाच्या तोंडून ते ऐकलं, की शिकवण्याची घाईच निघून जाते. ज्याला बाटलीत जास्त पाणी दिसतंय, त्याच्यापुढे मिलिलिटर मांडून काय उपयोग?

म्हणून जुलैभर नुसतं ओतणं चालतं. ताटली, पेला, तांब्या, किटली, शीतपेयांच्या रिकाम्या बाटल्या, करवंट्या. कुठल्यात जास्त मावेल याचा अंदाज आधी मोठ्याने सांगायचा आणि मग ओतून बघायचं, एवढा एकच नियम. अंदाज चुकला तर त्यावर मी काही बोलत नाही, कारण पाणीच बोलतं. ताटलीतलं पाणी पेल्यात जेमतेम अर्ध्यावर आलं की मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. काही मुलं तेच पाणी पुन्हा पुन्हा ओतत राहतात. त्यांना थांबवू नये, असं माझं ठाम मत आहे. पाहुणे शिक्षक वर्गात आले की ओली फरशी पाहून त्यांना वाटतं, इथे नुसता खेळ चाललाय. पण याच दिवसांत कशात किती मावतं ते मुलांच्या हातांना कळत असतं, आणि नंतर वहीत तेच उतरतं.

एकक मी स्वतःहून देत नाही, त्याची गरज वादातून निघू देते. दोन गट, दोन सारख्या बादल्या. एका गटाला चहाचा कप, दुसऱ्याला तांब्या. भरून झाल्यावर कपवाले ओरडतात, “आमचं चाळीस, तुमचं फक्त नऊ, आम्ही जिंकलो!” दुसरा गट पेटतो, दोन्ही बादल्या शेजारी आणून ठेवतो: पाणी तर सारखंच. मग कोण जिंकलं? त्या दिवशी वर्गात जेवढा विचार होतो, तेवढा मी फळ्यावर लिहून कधीच करून घेऊ शकले नसते. भांडं लहान तर आकडा मोठा, हे मुलांना स्वतः सुचतं. “सगळ्यांनी एकच तांब्या घ्यायचा,” हा निवाडाही त्यांचाच. दुसऱ्या दिवशी मुली घरून आपापले तांबे घेऊन येतात, ते एकमेकांशी जुळत नाहीत, आणि वाद पुन्हा सुरू. इथे मी लिटरचं माप टेबलावर ठेवते. तोपर्यंत मुलांना ते हवंसं झालेलं असतं.

दिवाळीनंतर भात घरात आलं की मापांना दुसरा रंग चढतो. गावातल्या एका ऐंशी ओलांडलेल्या आजोबांना मी दरवर्षी वर्गात बोलावते. ते जुनी मापं घेऊन येतात: पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं. मुलांनी भात ओतून शोधायचं, कशात काय बसतं. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. प्रत्येक वेळी दुप्पट. एका पायलीत चिपटी किती, हे तिसरीतल्या एका मुलीने न ओतता सांगितलं होतं: दोन, चार, आठ, सोळा. पाव आणि अर्धा हे शब्द मुलांना भाकरीमुळे माहीत असतात. इथे त्यांना पावाचा पाव हाताशी लागतो.

आजोबा पायली कशी भरतात ते बघायला मोठी माणसंही दाराशी उभी राहतात. रास मोजताना ते ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात, आणि मग दोन, तीन. पायली काठाशी थांबत नाही, वर शीग येते, दाणे ओघळायला लागले की माप पूर्ण. एका मुलाने विचारलं, “पाण्याला शीग का नाही येत?” मी प्रश्न वर्गाकडे वळवला. पाण्यापासून वाळूपर्यंत, वाळूपासून शेंगांपर्यंत सगळ्यांची शीग लावून झाली. शेंगांची सगळ्यात उंच, वाळूची बुटकी, पाण्याची नाहीच. मग आजोबांनीच पुढचा मुद्दा काढला: शीग कुणी मोठी लावायचं, कुणी लहान, देणाऱ्याचा हात आखडायचा आणि घेणाऱ्याचा सैल सुटायचा. शिवाय गावागावची पायली वेगळी. वर्गातल्या एका मुलीच्या, शेजारच्या गावात दिलेल्या आत्याने तिकडची पायली पाठवली होती, ती आमच्या पायलीशी जुळली नाही. मुलांनी कप आणि तांब्यावरून जे भांडण केलं होतं, तेच अख्खा देश पिढ्यान्‌पिढ्या करत होता, हे तेव्हा मला त्यांना सांगता येतं. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम बाजारात यायला लागला. आजोबांना ते दिवस आठवतात. शेरात मागायचं आणि किलोत घ्यायचं, यात त्यांची आई बरेच दिवस गोंधळायची.

पण इथेच एक मोठी अडचण उभी राहते आणि शिकवणाऱ्याने ती टाळू नये. पायली हे आकारमानाचं माप, किलो हे वजनाचं. गावात पूर्वी धान्य मापाने मोजायचे, आता काट्यावर. मुलांच्या डोक्यात दोन्ही एकच होऊन बसतात: मोठं ते जड. पुस्तक वस्तुमान म्हणतं, दुकानदार वजन. या वयात मी वजनच म्हणते. एका हातात चुरमुऱ्यांची फुगलेली पिशवी, दुसऱ्या हातात साखरेची लहानशी पुडी दिली की पहिला धक्का बसतो. डोळे मिटून हात वर-खाली करायचे आणि जड काय ते सांगायचं. हाताला बराच फरक कळतो, पण थोडा फरक कळत नाही. तो कळायला तागडी हवी.

तागडी आम्ही करतो. सरळ काठी, मधोमध सुतळी, दोन टोकांना सारख्या टोपल्या. रिकामी तागडी पहिल्याच झटक्यात सरळ राहिली असं सहसा होत नाही. एक बाजू खाली जाते. मुलं गाठ इकडेतिकडे सरकवतात आणि काठीच्या मध्यावर बोट ठेवून खुणा करतात. शेवटी हलक्या टोपलीत एखादा खडा टाकला जातो. हाच पासंग. रिकाम्या तागडीचा पासंग काढल्याशिवाय काही मोजायचं नाही, हा नियम मुलं इतका कडक पाळतात, की दुकानात गेल्यावर दुकानदारालाही सांगतात.

शाळेत बाजारची महागडी साधनं नाहीत, याची मला कधी खंत वाटली नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा परदेशी साधनांऐवजी दगड, शंखशिंपले, बिया, पानं, काड्या हीच साधनं केली. आमच्या टोपलीत चिंचोके असतात. डबा किती चिंचोक्यांचा, वही किती चिंचोक्यांची. चिंचोके लहान-मोठे असल्यामुळे दोन गटांची उत्तरं जुळत नाहीत, हे सांगायला नकोच. जुने सोनार गुंजांवर सोनं तोलायचे ते याचसाठी: गुंज गुंजेशी बरीच जुळते. ती मात्र विषारी, म्हणून वर्गात आणत नाही. लहान मुलांचा हात कधी तोंडात जाईल सांगता येत नाही.

मग दुकानातून लोखंडी वजनं मागून आणते. पन्नास ग्रॅमपासून किलोपर्यंतची, सहा कोनी. ती उलटी करून बघायला मुलांना फार आवडतं. तळाशी खड्ड्यात शिसं ओतलेलं असतं आणि त्यावर शासनाचा शिक्का. वजन ठराविक काळाने पुन्हा तपासून घ्यावं लागतं, हे कळल्यावर एका मुलाने विचारलं, “बाई, त्यांचं वजन कशावर तपासतात?” याहून चांगला प्रश्न मी स्वतः कधी काढला नसता. त्यांच्याहून नेमक्या वजनांवर, आणि ती त्यांच्याहून नेमक्या वजनांवर. असं करत करत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत. मुलांच्या डोळ्यांपुढे एक लांबच लांब रांग उभी राहते, तेवढं त्या वयात पुरे.

वजनं कमी असली की डोकं जास्त चालतं, म्हणून मी सगळी वजनं कधीच देत नाही. पाचशेचं एक, दोनशेचं एक, पन्नासचं एक. साडेसातशे ग्रॅम शेंगा सगळे मोजतात. मग सांगते, तीनशे ग्रॅम मोजा. बराच वेळ खुडबुड चालते. एका मुलीने पाचशेचं वजन एका पारड्यात ठेवलं, दोनशेचं दुसऱ्या पारड्यात, आणि दोनशेच्या बाजूला शेंगा टाकत गेली. दांडी सरळ झाली तेव्हा ती काही बोलली नाही, शेंगा उचलून माझ्यापुढे ठेवल्या. वजाबाकी हा शब्द मी त्या दिवशी उच्चारला नाही, गरजच पडली नाही. इलेक्ट्रॉनिक काट्यावर हे घडलं नसतं. रेशन दुकानात मुलं तो रोज बघतात, पण आकडा कुठून येतो ते त्यात दिसत नाही. आधी दांडीचा तराजू, आकड्यांचा काटा नंतर, हा क्रम मी कुणासाठीही बदलणार नाही.

मोठं आणि जड यांतली गाठ नीट सुटते ती तेलाच्या पिशवीने. घरून रिकाम्या पिशव्या आणायला सांगते. एक लिटर खाद्यतेलाच्या पिशवीवर ९१० ग्रॅम असं छापलेलं असतं. दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, “बाई, नव्वद ग्रॅम मारलं!” मग आम्ही सगळे दूध संकलन केंद्रावर जातो. तिथला काटा बारीक वजन दाखवतो. रिकामी बाटली आधी तोलायची, मग लिटरभर पाणी भरून; फरक एक किलो. तीच बाटली पुसून लिटरभर तेल: नऊशे दहाच्या आसपास. लिटरभर दूध: किलोपेक्षा तीसेक ग्रॅम जास्त. भांडं तेच, माप तेच, वजन तीन. सगळे गप्प. आणि मग मागून आवाज येतो, “म्हणून तर आमटीवर तर्री वर येती!” त्या मुलाचा आनंद मी विसरू शकत नाही. घनता हा शब्द त्याच्या वाट्याला पुढे कधीतरी येईल, पण त्याचा अर्थ त्याच्याजवळ आधीच असेल.

वेळ सगळ्यात अवघड. पाणी परत ओतता येतं, वजन पुन्हा ठेवता येतं. गेलेलं मिनिट पुन्हा मोजायला मिळत नाही. त्यातून या मुलांना वेळ कळत नाही असंही नाही. डेअरीची गाडी, मुक्कामाची एसटी, गुरं सुटण्याची वेळ, आई रानातून येण्याची वेळ, अशा खुणांनी त्यांचा दिवस बांधलेला असतो. मी तिथूनच सुरू करते. दिवसाच्या खुणांची चित्रं काढून एका लांब सुतळीला ओळीने टांगायची. कशाच्या आधी काय, हे सगळ्यांना येतं. अडतं ते ‘किती वेळ’ या प्रश्नावर.

डोळे मिटा आणि एक मिनिट झालं वाटलं की हात वर करा. बहुतेक हात अर्ध्या मिनिटाच्या आतच वर. तेच मिनिट गोष्ट ऐकताना केव्हा गेलं ते कळत नाही. म्हणजे हाताने वजन कळतं, डोळ्याने पाणी कळतं, तसा वेळेचा अंदाज देणारा भरवशाचा अवयवच आपल्याकडे नाही. त्यामुळे वेळेचं भांडण मिटवायला वेळेचं भांडं लागतं, आणि असं भांडं आपल्याकडे होतंच: घटिकापात्र. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती हळूहळू भरते आणि बुडते. बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं. अशा साठ घटकांची एक दिवस-रात्र.

चोवीस मिनिटं सात वर्षांच्या मुलाला फार होतात. आम्ही ॲल्युमिनियमच्या पातळ वाट्यांना दाभणाने भोक पाडून लहान पात्रं करतो. वाटी कलंडू नये म्हणून आत मधोमध एक खडा. पाणी गाळून घ्यावं लागतं, नाहीतर भोकात कचरा अडकतो आणि वेळ लांबते. भोक मोठं तर वाटी लवकर बुडते, हे पहिल्याच दिवशी कळतं, आणि मग साऱ्या वर्गासाठी एकच वाटी नेमली जाते. तांब्याच्या वेळचा निवाडा मुलं विसरलेली नसतात. या एककाला वर्गाने ‘बुडी’ असं नाव ठेवलं. दोन चा पाढा बाराखडीसकट अर्ध्या बुडीत, ठिपक्यांची रांगोळी तीन बुड्यांत, मधली सुट्टी सात बुड्यांची. पाणी मोजता मोजता वेळ मोजला जातो, याचं मुलांना नवल वाटतं आणि मलाही दरवर्षी नव्याने वाटतं.

जानेवारीत ऊन स्वच्छ असतं, तेव्हा अंगणात काठी रोवतो. सावलीच्या टोकाला खुणा करत जायचं आणि सगळ्यात आखूड सावली कधी ते शोधायचं. मुलांची खात्री असते, बाराला. खुणा सांगतात, पाऊणच्या सुमाराला. कारण आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतं आणि आमचं गाव त्याच्या साडेआठ अंश पश्चिमेला आहे. एका अंशाला चार मिनिटं. ऋतूप्रमाणे त्यात थोडी मिनिटं पुढे-मागे होतात. हे सगळं गणित मी लहानांना सांगत नाही. सूर्य आधी तिकडच्या मुलांच्या डोक्यावर येतो आणि मग आपल्या, एवढं सांगते. मुंबईने तर आपली वेगळी वेळ १९५५च्या सुमारापर्यंत सांभाळली होती, भारतीय वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे.

घड्याळ यानंतर. पुठ्ठ्याच्या घड्याळाला सुरुवातीला मी एकच काटा लावते, तासाचा. मिनिटकाटा नाहीच. काटा चारच्या पुढे सरकलाय, पाचला अजून पोचला नाही. मग किती वाजले असतील? “चार वाजून गेले.” अर्ध्यावर आला की साडेचार. पाचच्या अगदी जवळ, पाव वाट उरली की पावणेपाच. दोन काट्यांच्या घड्याळावर मुलं पावणेपाचला तासकाटा थेट पाचच्या पुढे नेऊन ठेवतात, कारण कानावर ‘पाच’ पडलेलं असतं. एका काट्याच्या घड्याळावर वाट डोळ्यांपुढे असते, म्हणून तसं होत नाही. तासकाटा पक्का झाला की मिनिटकाटा पाचच्या पाढ्यावर सहज चढतो.

निपुण भारत अभियान २०२१मध्ये आलं आणि तिसरीअखेर पायाभूत संख्याज्ञान यायलाच हवं, असं ठरलं. त्यात मापनही आहे, हे मला मनापासून पटतं. चाचण्यांमध्ये मात्र लिटरचे मिलिलिटर करा, तासाची मिनिटं करा, असेच प्रश्न बहुतेक येतात. माझ्या वर्गात मी दोन प्रश्न जास्तीचे घालते: ही बादली किती लिटरची असेल, आणि हे दप्तर किती किलोचं. अगदी बरोबर उत्तर मी मागत नाही. बारा लिटरच्या बादलीला कुणी दहा म्हटलं, पंधरा म्हटलं, तरी पूर्ण गुण. शंभर म्हटलं तर त्या मुलाला घेऊन पुन्हा हौदावर जायचं.

अजून पूर्ण न सुटलेली गोष्ट म्हणजे बाराच्या पलीकडे जाणारा वेळ. अकरा चाळीसची एसटी एक दहाला पोचली, तर प्रवास किती? मुलं एक दहातून अकरा चाळीस वजा करायला बघतात आणि अडकतात. सध्या मी अंगणात खडूने लांब रेघ काढते, तासातासाला खूण करते आणि मुलांना उड्या मारायला लावते. अकरा चाळीसवरून बारावर: वीस मिनिटं. बारावरून एकवर: एक तास. पुढे दहा मिनिटं. तिसरीतली मुलं आता दीड तास म्हणतात. दुसरीतली अजून उड्याच मोजतात आणि तीन म्हणतात. त्यांच्यासाठी पुढच्या आठवड्यात रेघेवर पाच-पाच मिनिटांच्या खुणा करणार आहे, आणि तालुक्याच्या स्थानकातून एसटीचं खरं वेळापत्रक उतरवून आणायचं काम एका पालकाने अंगावर घेतलंय.